त्याला म्हणतात तरी काय? नवख्यांसाठी माहिती शोधण्याची वाट

बऱ्याच वर्षांपूर्वी एका लांबलचक अर्जाच्या मधोमध मला राहून गेलेला एक शब्द घालायचा होता. कर्सर तिथे नेला, टाइप करायला लागलो, तर दर अक्षरागणिक पुढचं एक अक्षर गायब! पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मग 'कॉम्प्युटर अक्षरं खातो' असं शोधलं आणि समोर व्हायरस काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरची रांग उभी राहिली. दोन दिवस मी ती पानं वाचण्यात आणि एक-दोन सॉफ्टवेअर चढवून उतरवण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वळवून पाहिलं, कीबोर्डवरची 'इन्सर्ट' ही कळ एकदा दाबली आणि म्हणाला, "ओव्हरटाइप चालू झालं होतं."

'ओव्हरटाइप' हा शब्द माहीत असता तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. उत्तर इंटरनेटवर तेव्हाही होतं, शेकडो ठिकाणी होतं. पण ते ज्या शब्दाखाली ठेवलेलं होतं तो शब्द माझ्याकडे नव्हता. नवख्या माणसाची खरी अडचण बहुतेक वेळा हीच असते. जाणकार सहज म्हणतात, "अरे, शोध की, लगेच सापडेल." त्यांना सापडतं, कारण त्यांना काय टाइप करायचं ते ठाऊक असतं.

म्हणून खाली जी पायऱ्यांची वाट दिली आहे तिच्यात पहिल्या पायरीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे. पुढच्या त्या मानाने सोप्या आहेत.

पायरी १: आधी शब्द मिळवा

सुरुवात साध्या वाक्याने करा. काय आहे, काय करत होतो, काय झालं. 'टाइप करताना पुढचं अक्षर पुसलं जातं' हे वाक्य 'कॉम्प्युटर अक्षरं खातो' यापेक्षा कितीतरी चांगलं, कारण त्यात माझा तर्क नाही, नुसतं दिसलेलं आहे. 'खातो' म्हटलं की मी व्हायरसच्या वाटेला लागलोच. 'बिघडलं', 'हँग झालं', 'चालत नाही' हे शब्दही असेच आंधळे. नक्की काय चालत नाही? आवाज येतो पण चित्र नाही, की दिवाच लागत नाही?

ते वाक्य शोधात टाकून वरची तीन-चार पानं उघडा, पण या फेरीत उत्तर वाचायला बसू नका. या फेरीत फक्त शब्द वेचायचे. वेगवेगळ्या पानांवर तोच एखादा अनोळखी शब्द दोन-तीनदा दिसला की तो कागदावर लिहून घ्या. पुढचा शोध त्या शब्दाने.

उदाहरण सायकलचं घेऊ. सायकल उजव्या बाजूला पडली आणि तेव्हापासून मागचे गिअर नीट बसत नाहीत. साखळी एका चकतीवरून दुसरीवर जाताना अडखळते. 'गिअर नीट बसत नाहीत' असं शोधलं की स्क्रू फिरवून गिअर जुळवण्याचे ढीगभर व्हिडिओ मिळतील. तुम्ही तासभर स्क्रू फिरवाल आणि काहीच होणार नाही. पण तेच व्हिडिओ पाहताना कानावर दोन शब्द पडतील: साखळीला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग म्हणजे 'डिरेल्यर', आणि तो ज्या छोट्या धातूच्या पट्टीला टांगलेला असतो ती 'हँगर'. आता 'सायकल पडल्यावर डिरेल्यर हँगर' असं शोधा. बऱ्याच सायकलींमध्ये ही पट्टी मुद्दाम मऊ धातूची आणि बदलता येण्याजोगी केलेली असते, म्हणजे धक्का बसला तर पट्टी वाकावी आणि महागडी फ्रेम वाचावी. साखळीचा सगळा पसारा उजव्या बाजूला, म्हणून त्या बाजूला पडलं की बहुधा हीच वाकते. पट्टी वाकडी असताना स्क्रू कितीही फिरवा, गिअर सरळ येणार नाहीत. दोन शब्दांनी प्रश्नच बदलला.

वस्तू हातात आहे पण नाव माहीत नाही, अशा वेळी फोटोवरून शोध घ्या. गूगल लेन्ससारखी सोय आता बहुतेक फोनमध्ये असते. फोटो काढताना मागे कोरा कागद ठेवा आणि शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवा, म्हणजे नंतर एखाद्या माणसाला दाखवतानाही आकार कळतो. दुसरा मार्ग म्हणजे भागांची नावं लिहिलेली आकृती. 'शिवणयंत्राचे भाग', 'नळाचे आतले भाग' असं टाकून चित्रांमध्ये शोधलं की बाणांनी नावं दाखवलेली आकृती मिळते. मला हा मार्ग सगळ्यात आवडतो, कारण एक शब्द शोधायला गेलो तर दहा मिळतात.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचा मला सर्वांत जास्त उपयोग होतो तो याच पायरीवर. 'टाइप करताना पुढचं अक्षर पुसलं जातं, याला काय म्हणतात?' असं विचारलं की शब्द चटकन मिळतो. उत्तरही मिळतं, पण ते चूक असलं तरी त्याच ठाम सुरात येतं. मेनूमध्ये नसलेलं बटण दाबायला सांगितल्याचा अनुभव मला एकापेक्षा जास्त वेळा आलेला आहे. म्हणून शब्द घ्यावा आणि तो घेऊन मूळ माहितीकडे जावं.

मराठीत शोधायला संकोच करू नका. साध्या वाक्याची फेरी मराठीतच छान होते. पण एकदा संज्ञा हाती आली की ती इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकून पाहा, कारण यंत्रं आणि सॉफ्टवेअर यांबद्दलचा मजकूर इंग्रजीत फार मोठा आहे. पान इंग्रजीत असलं तर ब्राउझरमधलं भाषांतर वापरा; फक्त बटणांची नावं मूळ इंग्रजीतच वाचा. भाषांतरात 'सेव्ह'चं 'वाचवा' होतं, आणि मग ते बटण स्क्रीनवर शोधत बसावं लागतं.

पायरी २: आपल्याकडे नेमकं काय आहे

ही कंटाळवाणी पायरी आहे, म्हणूनच सगळे टाळतात. यंत्राचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या. लॅपटॉप आणि राउटर यांच्या पोटाखाली, फ्रिजच्या आतल्या भिंतीवर, समोरून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनच्या दाराच्या कडेला स्टिकर असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये 'सेटिंग्ज'च्या तळाशी 'अबाउट फोन' असतं. कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'हेल्प'खाली 'अबाउट' असतं आणि तिथे आवृत्तीचा आकडा दिसतो.

आकडा कशाला हवा? व्हिडिओतला माणूस सांगतो "वर उजवीकडे तीन टिंबं दाबा", आणि तुमच्या स्क्रीनवर तीन टिंबंच नाहीत. अशा वेळी नवखा माणूस आपल्यालाच दिसत नाही असं समजून खजील होतो. त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं, आवृत्ती वेगळी असते. शोधाच्या वाक्यात आवृत्ती घाला.

पायरी ३: शोध नीट लिहा

स्क्रीनवर एरर आली असेल तर ती जशीच्या तशी लिहा. आपल्या शब्दांत सांगू नका. त्यातला आकडी कोड तर सोन्यासारखा असतो. विंडोजमध्ये 'शून्य एक्स ८००७०००५' असा कोड दिसला तर तो घाबरवणारा वाटतो, पण शेवटच्या ५ चा अर्थ 'परवानगी नाकारली' एवढाच आहे. हे कळलं की फाइल खराब झाली का, डिस्क गेली का, असल्या शंका बाजूला पडतात आणि परवानगी कोणाला आहे हे पाहायला लागता येतं.

एररमध्ये तुमचं नाव, फोल्डरचं नाव असलं काही असेल तर तेवढं काढून टाका; ते जगात दुसऱ्या कोणाच्या एररमध्ये नसणार. उरलेलं वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे शोधयंत्र त्याच क्रमाने तेच शब्द शोधेल. काहीच मिळालं नाही तर अवतरणचिन्हं काढून पुन्हा पाहा.

नको असलेला अर्थ वजाच्या चिन्हाने बाहेर काढता येतो: 'क्रेन' शोधताना पक्ष्याची पानं येत असतील तर 'क्रेन -पक्षी', वजा आणि शब्द यांत मोकळी जागा न सोडता. एकाच संकेतस्थळात शोधायचं तर इंग्रजीत 'साइट' लिहून कोलन आणि लगेच पुढे त्या संकेतस्थळाचा पत्ता. कित्येक संकेतस्थळांच्या स्वतःच्या शोधचौकटीपेक्षा ही युक्ती बरं काम करते. आणि शोधाच्या साधनांमध्ये 'गेल्या वर्षातलं' असा काळ निवडता येतो.

लांबलचक पान उघडलं की वरून खाली वाचत बसू नका. कंट्रोल आणि एफ दाबून आपला शब्द टाका. फोनवर ब्राउझरच्या मेनूत 'फाइंड इन पेज' म्हणून हीच सोय असते. ही एक गोष्ट शिकवल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो बाकी कशाने दिसत नाही.

पायरी ४: कोणत्या जातीचं पान उघडलंय ते ओळखा

डॅनिएल प्रोचिडा नावाच्या तंत्रलेखकाने माहितीपर लेखनाचे चार प्रकार मांडले आहेत. त्या मांडणीला 'डायाटॅक्सिस' म्हणतात. हात धरून शिकवणारा धडा, एखादं काम कसं करायचं याची कृती, सगळ्या तपशिलांचा संदर्भकोश, आणि 'असं का' याचं विवेचन. नवखा माणूस फसतो तो धडा हवा असताना संदर्भकोश उघडल्यामुळे. शब्दकोश पाठ करून कोणी भाषा शिकत नाही, पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत आपण अगदी हेच करायला जातो आणि मग "हे आपल्याला जमणार नाही" म्हणून मोकळे होतो.

युनिक्स ही कॉम्प्युटर चालवणारी एक जुनी प्रणाली; तिची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची. युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची ती पुस्तिका संदर्भकोश म्हणूनच लिहिलेली होती. आजही युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्समध्ये 'मॅन' ही आज्ञा देऊन त्यापुढे एखाद्या आज्ञेचं नाव लिहिलं की त्याच घाटणीचं पान उघडतं. ते वरून वाचायला घेतलं तर दुसऱ्या परिच्छेदात झोप येते. मी तळापासून वाचतो: आधी 'एक्झाम्पल्स', मग 'सी ऑल्सो', म्हणजे याच्या नात्यातल्या दुसऱ्या आज्ञा. कित्येकदा मला हवी असते ती आज्ञा या नातेवाइकांतच बसलेली असते.

यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेचंही तसंच. शेवटाकडे 'ट्रबलशूटिंग'चा तक्ता असतो. तो आधी पाहा. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल क्रमांक टाकून निर्मात्याच्या संकेतस्थळावर बहुधा पीडीएफ मिळते.

पायरी ५: मिळालेलं उत्तर पारखा

तारीख पाहा. मग ज्याला ते उत्तर दिलं गेलं त्याची अडचण खरंच तुमच्यासारखी होती का ते पाहा. शीर्षक सारखं आणि रोग वेगळा असं फार होतं. नुसतं 'हे दाबा, मग ते दाबा' सांगणाऱ्यापेक्षा 'हे का' एका ओळीत सांगणारा बरा, कारण तुमच्याकडे परिस्थिती थोडी वेगळी असली तरी त्या एका ओळीवरून तुम्हाला अंदाज बांधता येतो. दोन ठिकाणी तेच सांगितलंय म्हणून विश्वास ठेवायचा असेल तर ती दोन ठिकाणं खरोखर दोन आहेत ना तेही बघा. पाच पानांवर शब्दन् शब्द तोच मजकूर असेल तर तो एकाचाच आहे, बाकी चौघांनी उचललेला.

नेमका हवा तो दुवा मेलेला निघाला आणि '४०४' दिसलं तर लगेच निराश होऊ नका. पत्ता कॉपी करून 'वेबॅक मशीन'मध्ये टाका. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून पानं जपून ठेवतंय आणि वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. गूगलने आपल्या शोधातली 'कॅश' केलेल्या, म्हणजे स्वतःकडे जपलेल्या पानांची सोय २०२४ मध्ये बंद केली, त्यामुळे याचा उपयोग अधिकच वाढला आहे.

एक सावधगिरी मात्र पक्की धरा. ग्राहकसेवेचा नंबर शोधाच्या निकालांतून उचलू नका. वर जाहिरात म्हणून खोटे नंबर लावलेले असतात. नंबर पुस्तिकेतून, कार्डाच्या मागून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. फोनवरच्या माणसाने तुमची स्क्रीन त्याच्या ताब्यात देणारं ॲप चढवायला सांगितलं किंवा ओटीपी मागितला, की फोन ठेवून द्या.

पायरी ६: करून पाहा, पण परतीची वाट ठेवून

एका वेळी एकच बदल. तीन बदल एकदम केले आणि चाललं, तर कशाने चाललं ते कळत नाही. बिघडलं, तर कशाने बिघडलं तेही नाही. बदलण्याआधी त्या सेटिंगचा फोटो काढा. फाइलला हात लावण्याआधी तिची प्रत करून ठेवा. यंत्र उघडताना स्क्रू ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू भलत्या ठिकाणी घुसून आतलं काहीतरी फोडतो.

पानावरची आज्ञा कॉपी करून थेट टर्मिनलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून आज्ञा देण्याच्या खिडकीत, चिकटवू नका. आधी नोटपॅडमध्ये चिकटवा. पानावर दिसतं त्यापेक्षा वेगळाच मजकूर कॉपी होईल अशी लबाडी करता येते. आणि आज्ञेत 'आरएम' असेल तर थांबा: ती फाइली पुसते आणि कचराकुंडीत न टाकता थेट पुसते.

वीज, गॅस, औषधं आणि रसायनं यांत 'करून पाहू' चालत नाही. स्वच्छतेच्या 'सोप्या युक्त्यां'मध्ये क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं आम्ल एकत्र करायला सांगणारे महाभाग असतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

कृती वाचताना मधलीच एखादी पायरी सुटलेली आहे असं वाटलं, तर ती बहुधा खरंच सुटलेली असते. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. 'आता नेहमीप्रमाणे ड्राइव्ह माउंट करा' असं लिहिणाऱ्याच्या डोक्यातही गाणं चालू असतं. तिथे तुमची समजूत कमी पडत नाही. 'ड्राइव्ह माउंट करणं' हा नवा शब्द म्हणून टिपा आणि पुन्हा पायरी १.

पायरी ७: माणसाला विचारा

कधी विचारावं? माझा हिशोब साधा आहे: तासभर प्रामाणिकपणे शोधलं आणि नवा शब्दही मिळेनासा झाला, की विचारावं. त्याआधी विचारलं तर समोरच्याचा वेळ जातो, त्यानंतर न विचारता बसलं तर आपला.

"एक शंका होती, विचारू का?" असं लिहून थांबू नका. समोरचा माणूस "हो, विचारा" म्हणेपर्यंत अर्धा दिवस जातो. सगळा प्रश्न एकदमच लिहा. हा पाहा वाईट प्रश्न: "प्रिंटर चालत नाही, अर्जंट मदत हवी." आणि हा चांगला: "वायफायवरचा प्रिंटर. कालपर्यंत लॅपटॉपवरून छापत होता. काल राउटर बदलला. आज लॅपटॉपवर 'ऑफलाइन' दिसतं. प्रिंटरवरचं कॉपीचं बटण मात्र चालतं. दोन्ही बंद-चालू करून पाहिलं." दुसरा प्रश्न वाचणाऱ्याला उत्तर जवळपास समोरच दिसतं: प्रिंटर जुन्या वायफायचं नाव शोधत बसलाय. गंमत म्हणजे एवढं लिहून काढताना ते पुष्कळदा विचारणाऱ्यालाही दिसतं आणि प्रश्न पाठवावाच लागत नाही. प्रोग्रॅमर मंडळी टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला अडचण समजावून सांगतात ती याचसाठी.

मूळ हेतू आवर्जून सांगा. एकदा एका नातेवाइकांनी मला विचारलं, व्हिडिओचे दोन तुकडे कसे करायचे. मी साधन सुचवलं, ते त्यावर संध्याकाळभर झगडले. मग कळलं की त्यांना तो व्हिडिओ ईमेलने पाठवायचा होता आणि जीमेल २५ एमबीच्या वर जोडू देत नाही. तुकडे करायची गरजच नव्हती, गूगल ड्राइव्हवर चढवून दुवा पाठवला की झालं. त्यांनी अडचण न सांगता स्वतः ठरवलेल्या उपायाबद्दल विचारलं होतं, आणि मीही "कशासाठी हवंय?" म्हणून विचारलं नाही.

स्क्रीन दाखवायची तर मोबाइलने तिरका फोटो काढण्यापेक्षा स्क्रीनशॉट घ्या: विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ४. पाठवण्यापूर्वी त्यात खातेक्रमांक, पासवर्ड, पत्ता दिसत नाही ना ते पाहा. आणि उपाय लागू पडला की सांगणाऱ्याला तसं कळवा. "झालं" एवढंच नको, कशाने झालं तेही.

शेवटी एक वही. कागदाची किंवा फोनमधली, काहीही चालेल. माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला तीन भाग असतात: मला पहिल्यांदा सुचलेलं वेडंवाकडं वाक्य, खरा शब्द, आणि उपाय. पहिला भाग मी मुद्दाम जसाच्या तसा ठेवतो, कारण वर्षभराने तीच अडचण आली की डोक्यात पुन्हा तेच वेडंवाकडं वाक्य येतं, आणि दुसऱ्या कोणी विचारलं तर त्याच्याही तोंडी बहुधा तसलंच काहीतरी असतं. पहिल्याच पानावर लिहिलंय: कॉम्प्युटर अक्षरं खातो – ओव्हरटाइप – इन्सर्ट एकदा दाबणे.